गोळी आम्लपित्ताची, तूट जीवनसत्त्वाची

छातीत जळजळ झाली की सकाळी अनशापोटी एक गोळी, हा शिरस्ता आता घरोघरी रूढ झाला आहे. १९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आले आणि जठरव्रणाच्या उपचाराचे स्वरूपच पालटले, हे कोणी नाकारणार नाही. आक्षेप औषधाला नाही. ते वर्षानुवर्षे विनाचौकशी घेत राहण्याला आहे.

जठरातील आम्ल हे केवळ उपद्रवी द्रव्य नव्हे. अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व प्रथिनांशी जखडलेले असते. ते मोकळे करण्याचे काम आम्ल आणि पेप्सिन करतात. आम्लच आटले, तर शोषणाची ही पहिली पायरीच ढासळते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, दोन वर्षे वा अधिक काळ अशी औषधे घेणे आणि ब-१२ची उणीव यांचा संबंध आढळला. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट लवकर उमगत नाही. हातापायांच्या मुंग्या, थकवा, विस्मरण हे सारे वयाच्या माथी मारले जाते. ज्यांची ब-१२ची मदार केवळ दूधदुभत्यावर आहे, त्या शाकाहारी कुटुंबांनी तर अधिकच सावध असावे.

याचा अर्थ गोळी परस्पर बंद करावी असा नव्हे. ॲस्पिरिनसारख्या औषधांमुळे रक्तस्रावाचा धोका असणाऱ्या अनेकांना तिची खरोखरच गरज असते. परंतु चिठ्ठीवर मुदत लिहिणे हे डॉक्टरांचे, चिठ्ठीविना गोळी न देणे हे औषधविक्रेत्यांचे आणि ‘आणखी किती दिवस?’ असे विचारणे हे रुग्णाचे कर्तव्य आहे.