विश्लेषण : कला-वाणिज्यच्या वर्गात रसायनशास्त्र... शिकवायला सिनेमाच का हवा?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्याशाखेबाहेरचा विषय खुला ऐच्छिक म्हणून निवडावा लागतो. त्यामुळे बोदवडसारख्या तालुक्याच्या गावात बी.ए., बी.कॉम. करणारी मुले दहावीनंतर पुन्हा विज्ञानाच्या वर्गात येऊ शकतात. त्यांच्या हाती अकरावीचेच पुस्तक पातळ करून द्यायचे का? त्यापेक्षा सिनेमाचा रस्ता जवळचा आहे.

कल्पना नवी आहे का?

नाही. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ग्रीप आणि चित्रकार मार्जोरी मिकासेन यांचे सिनेमातील रसायनशास्त्रावरचे ‘रिॲक्शन!’ हे पुस्तक २००९ मध्येच आले.

बोदवडमध्ये सुरुवात कुठून?

कापसापासून! ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा मराठी सिनेमा दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा घडवला ते सांगतो. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. नायट्रोजनचे प्रमाण कमी ठेवले तर फिल्म, वाढवले तर स्फोटक ‘गन कॉटन’. काडतुसातील धूररहित दारूचा आधारही हाच पदार्थ. काडतुसे बनवणारी वरणगावची आयुध निर्माणी बोदवडपासून फार लांब नाही. शेत, पडदा आणि कारखाना एकाच सूत्रात बसतात. हे उदाहरण खान्देशातल्या मुलाला वेगळे पाठ करावे लागणार नाही.

दुसरा धडा कोणता?

‘भोपाळ : अ प्रेयर फॉर रेन’ (२०१४). २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या टाकीत पाणी शिरले. मिथाइल आयसोसायनेटची पाण्याशी अभिक्रिया होऊन प्रचंड उष्णता निर्माण झाली, दाब वाढला आणि वायू बाहेर पडला. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरला. उष्मादायी अभिक्रिया, दाब, घनता या तीन संकल्पना एकाच प्रसंगात समजतात. हे रसायन कीटकनाशक बनवण्यासाठीच साठवले होते, हेही.

आक्षेप काय?

‘तास म्हणजे टाइमपास होईल’, हा पहिला. तो खराही ठरेल, जर तीन तासांचा सिनेमा लावून प्राध्यापक स्टाफरूममध्ये गेले तर. दहा मिनिटांचा प्रसंग, त्यावर एक प्रश्न आणि शक्य तिथे एक साधा प्रयोग, अशी शिस्त हवी. परीक्षेत कथानक विचारू नये.

‘सिनेमा खोटे दाखवतो’, हा दुसरा. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळतो, हे पडद्यावरच घडते. प्रत्यक्षात बेशुद्ध व्हायला काही मिनिटे लागतात. पण ही चूक पकडताना मात्रा आणि वेळ यांचा संबंध शिकवता येतो. चुकीचा प्रसंगही म्हणूनच कामाचा.

एवढा खटाटोप कशासाठी?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. बोदवडचा बी.ए.चा विद्यार्थीही सुटीत कपाशीच्या शेतात जातो. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतितीव्र विष, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, हे त्याला कोण सांगणार? विज्ञान शाखेचा विद्यार्थी हे कुठे ना कुठे शिकेल. इतरांसाठी खुला ऐच्छिक विषय ही बहुधा शेवटची संधी आहे. ती केवळ क्रेडिट भरण्यात घालवणे परवडणारे नाही.