उजळलेला चेहरा नेमका कोणाचा?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या टेकड्यांमध्ये आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, सन १७०० च्या सुमारास, राजा खान पठाण याने तो बांधल्याचे सांगितले जाते. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा उपयोग कैदखाना म्हणून केला. अशा पडझड झालेल्या वास्तूची दुरुस्ती कशी करावी, याचे काही संकेत जगभर मान्य झालेले आहेत. १९६४ च्या व्हेनिस सनदेने त्यांतील दोन महत्त्वाचे संकेत स्पष्ट शब्दांत मांडले. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हा पहिला. नवी भर जुन्याशी सुसंगत असावी, पण ती नवी आहे हे ओळखू आले पाहिजे, हा दुसरा. किल्ल्याच्या दगडांना असे संरक्षण आहे. किल्ल्याच्या परिसरातील घराघरांत भिंतीवर टांगलेल्या जुन्या फोटोंना मात्र ते नाही.

हा प्रश्न आजच उपस्थित होण्याचे कारण उघड आहे. धूसर, फाटके, पिवळे पडलेले कौटुंबिक फोटो क्षणार्धात लख्ख करून देणारी साधने आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पोहोचली आहेत. ‘मायहेरिटेज’ या वंशावळविषयक संकेतस्थळाने २०२० मध्ये धूसर चेहरे स्पष्ट करणारी सोय आणली आणि २०२१ मध्ये जुन्या फोटोतील माणसांच्या पापण्या हलवून दाखविल्या. त्यानंतर ‘रेमिनी’ लोकप्रिय झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनीत ‘नॅनो बनाना’ या नावाने ओळखली जाणारी सुविधा आली आणि जे काम पूर्वी कुशल कारागिराचे होते, ते एका वाक्याच्या आज्ञेवर होऊ लागले.

यामागील भावनेची थट्टा करण्याचे कारण नाही. ग्रामीण भागात एके काळी फोटो ही सहज घडणारी गोष्ट नव्हती. त्यासाठी तालुक्याच्या गावी स्टुडिओत जावे लागे, तेही लग्नकार्यासारख्या निमित्ताने. घरातील स्त्रियांच्या वाट्याला तर तो क्वचितच येई. त्यामुळे अनेक कुटुंबांत पणजीचा एकच फोटो असतो आणि तोही समूहात, मागच्या रांगेत, नखाएवढ्या चेहऱ्याचा. तो चेहरा एकदा नीट पाहता यावा, ही इच्छा स्वाभाविकच म्हणावी लागेल. पण यंत्र जो चेहरा दाखविते तो पणजीचाच असतो काय, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर या साधनांच्या कार्यपद्धतीत दडलेले आहे. ओरखडे बुजविणे, पिवळेपणा घालविणे, उजेड-अंधार सावरणे या क्रियांत फोटोत असलेलीच माहिती वर आणली जाते. धूसर चेहरा स्पष्ट करणे ही गोष्ट मुळातच निराळी आहे. ज्या चेहऱ्याला अवघे वीस-पंचवीस पिक्सेल रुंदी लाभली आहे, त्यात पापण्यांचे केस वा ओठांची ठेवण नोंदलेलीच नसते. यंत्र ती शोधून काढत नाही, तर रचते. हजारो अन्य चेहऱ्यांवरून येथे साधारणतः काय असावे, याचा तो अंदाज असतो. या क्षेत्रातील ‘जीएफपीगॅन’ हे प्रसिद्ध साधन फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७० हजार चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकविले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यातील वैदर्भीय शेतकरी स्त्रीशी साम्य असणारे चेहरे त्यात किती असतील, याची कल्पना करता येते.

हा अंदाज कोणत्या दिशेने झुकतो, याचा प्रत्यय २०२० मध्ये जगाला आला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामा यांचा अंधुक केलेला फोटो दिला असता, तिने त्यातून एका गोऱ्या माणसाचा चेहरा घडविला. ओबामांचा चेहरा जगाला ठाऊक होता, म्हणून चूक तत्काळ ध्यानात आली. जिला पाहिलेले कोणी हयात नाही, त्या पणजीच्या बाबतीत ती कोण ओळखणार? कपाळावरचे वा हनुवटीवरचे गोंदण यंत्राला डाग वाटू शकते. सावळा वर्ण ‘सुधारला’ जातो, उन्हाने रापलेली त्वचा गुळगुळीत होते. गोंदणाचे ते चार ठिपके त्या स्त्रीच्या समाजाची, गावाची, काळाची खूण असतात. ते पुसले गेले तर फोटो सुंदर होतो, पण साक्ष नाहीशी होते.

स्टुडिओतील कारागीरही पूर्वी काचेवर पेन्सिल फिरवीत, फोटोवर हाताने रंग भरीत, मग यंत्रालाच दोष का, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. पण एक भेद विसरता येत नाही. हाताने रंगविलेला फोटो रंगविलेला आहे हे पाहणाऱ्याला कळत असे आणि कारागीर लुगड्याचा रंग घरच्यांना विचारून घेई. यंत्र कोणाला विचारत नाही आणि त्याची भर मुळापासून वेगळीही दिसत नाही. व्हेनिस सनदेचे दोन्ही संकेत येथे एकाच वेळी मोडले जातात.

न्यायसंस्थेने हा धोका ओळखला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीच्या न्यायालयाने २०२४ मध्ये एका खून खटल्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्ट केलेली चित्रफीत पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन कृत्रिमरीत्या निर्मिलेल्या मजकुरावर तशी खूण करण्याचे बंधन आले. मात्र अर्थ न बदलणारी रंगदुरुस्ती वा सद्हेतूने केलेली सफाई यांस त्यातून सूट आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु रचलेला चेहरा ही सफाई मानायची की निर्मिती, याचा निर्णय घरच्या फोटोपुरता तरी कुटुंबालाच करावा लागणार आहे.

त्यासाठी मोठ्या खटाटोपाची गरज नाही. मूळ फोटोचे ६०० डीपीआय क्षमतेने स्कॅनिंग करून ती प्रत कोणताही बदल न करता जतन करावी. फोटो दमटपणामुळे चौकटीच्या काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नये, काचेसह स्कॅन करावा. लॅमिनेशनचा मोह टाळावा, कारण ते पुन्हा सुटत नाही. फोटोमागे लिहिलेली नावे, स्टुडिओचा शिक्का यांचीही प्रत घ्यावी. सुधारित प्रत हवी असल्यास अवश्य करावी, पण तिच्यावर तसे स्पष्ट लिहावे आणि भिंतीवर ती लावली तरी मूळ प्रत फेकू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांनी त्या माणसांना पाहिले आहे अशी वडीलधारी मंडळी घरात असतील तर त्यांना आधी विचारावे. यंत्राजवळ नसलेली माहिती त्यांच्याजवळ असते.

आंबागडच्या ढासळलेल्या बुरुजाच्या जागी कोणी चकचकीत नवा बुरूज बांधून तोच गोंडकालीन आहे असे सांगू लागला, तर त्यास विरोध होईल आणि तो व्हायलाच हवा. घरातील फोटोच्या बाबतीत असा विरोध करणारे खाते नाही. धूसर चेहरा म्हणजे अपूर्ण स्मृती असेल, पण ती खरी असते. तिच्या जागी परक्याचा लख्ख चेहरा बसविला, तर पुढची पिढी पणजी म्हणून जिला हार घालील, ती कधी अस्तित्वातच नव्हती असे घडेल.