गप्प म्हणजे मेला नव्हे!

परवा नातू पुण्याहून नळदुर्गला आला होता. कॉम्प्युटरवाला. म्हणाला, "आजोबा, आमचं पुढारी मशीन थोडा वेळ बोललं नाही की आम्ही लगेच दुसरं पुढारी नेमतो. काम थांबता कामा नये!" मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर. पण मंडळी, हे काही माझ्या गळी उतरेना.

अनेक मशीन मिळून एकच हिशेब ठेवतात, तेव्हा कुठली नोंद आधी नि कुठली नंतर हे एकाने ठरवायचं. तो पुढारी. तो ‘मी आहे’ असा निरोप सारखा पाठवतो. निरोप थांबला, तर तो मेला की मधली तार तुटली? इकडच्याला कळायला मार्ग नाही. बोरीला पूर आला नि पलीकडून हाक येईना, म्हणून कोणी तिकडच्यांचं तेरावं घालतं का?

शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते. गप्प, पण जिवंत. १७०७ मध्ये सुटून आले, तेव्हा ताराबाई मुलाच्या नावाने राज्य चालवत होत्या. सरदारांनी हुकूम कुणाचा मानायचा? वारणेच्या तहाला १७३१ उजाडलं.

जगभरचे प्रोग्रामर आपलं काम गिटहबवर ठेवतात. २१ ऑक्टोबर २०१८ ला तिथली जोडणी अवघी ४३ सेकंद तुटली. यंत्रणेने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नवा पुढारी नेमला, तोही बहुमताने! पण पूर्वेच्या शेवटच्या काही नोंदी त्याच्याकडे पोचल्याच नव्हत्या. दोन वह्या झाल्या. गाडी रुळावर यायला २४ तास ११ मिनिटं लागली. पुढे त्यांनीच असं किनारा ओलांडून पुढारी नेमणं बंद केलं.

म्हणजे नुसतं बहुमतही पुरत नाही. २०१४ च्या ‘राफ्ट’ पद्धतीत हे नीट मांडलंय. पाचांतली तीन मतं हवीतच. शिवाय ज्याची वही माझ्यापेक्षा अपुरी, त्याला माझं मत नाही. प्रत्येक कारकिर्दीला चढता क्रमांक. जुना पुढारी उठून हुकूम सोडू लागला, तर क्रमांक बघून नाकारायचा. मतं जमली नाहीत, तर काम थांबेल.

"लोक खोळंबतात, आजोबा!"

खोळंबू देत की! माझी पेन्शन तासभर उशिरा दिसली तर मी चिडेन, चहा घेऊन परत येईन. पण एका खात्याच्या दोन शिलका निघाल्या, तर खरी कुठली, हे कोणाला विचारू?

वर्गात मास्तर नसले तर पाच मिनिटं गोंगाट होतो. दोन मास्तर एकाच वेळी फळ्यावर लिहू लागले, तर पोरांच्या वह्याच बिघडतात. गोंगाट मी आयुष्यभर सोसलाय.

असो. नातू हसला, पण उत्तर काही त्याने दिलं नाही.