चांदीच्या जुन्या नाण्यावरचा रंग : मळ, दागिना की दस्तऐवज?

#थ्रेड #नाणेशास्त्र

१/ जुन्या चांदीच्या नाण्यावर चढलेला सोनेरी, जांभळा, निळा रंग म्हणजे मळ, असा समज घरोघरी आहे. तोच रंग म्हणजे दागिना, असा समज आता लिलावांच्या बाजारात रुजला आहे. पहिल्या समजामुळे नाणी घासली जातात, दुसऱ्यामुळे रंगवली जातात. इतिहासाचे नुकसान दोन्हींकडे सारखेच. संग्राहक ज्याला 'टोनिंग' म्हणतात, त्या रंगाची पारख आवडीपासून नव्हे, तर साक्षीपासून सुरू व्हायला हवी.

२/ आधी रंगाचे मूळ. हवेतील हायड्रोजन सल्फाइड, तसेच कागद, पुठ्ठा, लोकर, रबर यांतून सुटणारा गंधक चांदीशी संयोग पावतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्यात कोणतेही रंगद्रव्य नसते. पावसात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा तवंग जसा रंगीत भासतो, तसाच हा प्रकाशाचा खेळ. पापुद्र्याची जाडी बदलली की दिसणारा रंग बदलतो.

३/ म्हणूनच या रंगांना क्रम असतो. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, किरमिजी, जांभळा, निळा. पापुद्रा आणखी जाड झाला की रंगांची दुसरी फेरी येते आणि हिरवा रंग तेव्हाच नीट दिसू लागतो. शेवटी उरतो तो करडा-काळा थर. नैसर्गिक इंद्रधनुष्यालाही व्याकरण असते. हे व्याकरण ज्याला कळले, त्याला अर्धी पारख साधली.

४/ या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे आहे. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेला मॉर्गन डॉलर : वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारला दरमहा चांदी विकत घेऊन डॉलर पाडणे भाग पडले, पण लोकांना एवढी जड नाणी नको होती. परिणामी हजार-हजार नाण्यांच्या कॅनव्हासच्या थैल्या तिजोऱ्यांत दशकानुदशके पडून राहिल्या. कापडाला टेकलेल्या बाजूवर रंग चढला. काही नाण्यांवर कापडाची वीण उमटली, तर काहींवर शेजारच्या नाण्याने झाकलेला भाग चंद्रकोरीसारखा पांढरा राहिला.

५/ या कथेचा एक धागा थेट मुंबईला येऊन मिळतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारचा चांदीचा साठा आटला आणि नोटांच्या बदल्यात रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. नोटांवरील विश्वास टिकवण्यासाठी ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी सुमारे २५.९ कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी होती. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींत तिचे रुपये झाले.

६/ रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी बारा भागांतील अकरा. हिशेब केला तर एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये होतात. त्यामुळे घरातील १९१८ ते १९२० च्या पंचम जॉर्जच्या रुपयात एखाद्या अमेरिकन थैलीतील चांदी असणे सहज शक्य आहे. मागच्या बाजूस तळाच्या कमळाखाली बारीक उठावदार ठिपका असेल, तर तो रुपया मुंबईच्या टांकसाळीचा.

७/ म्हणजे एकाच चांदीला दोन आयुष्ये मिळाली. थैलीत राहिलेले डॉलर इंद्रधनुषी झाले. रुपया झालेली चांदी कनवटीला लागली, मडक्यात घालून पुरली गेली, कडी जोडून माळेत ओवली गेली, घामाने आणि बोटांनी झिजली. तिच्यावर खोलगट भागांत काळसर आणि उंचवट्यांवर उजळ असा करडा रंग आला. सातासमुद्रापारच्या डॉलरसारखा हा रुपया 'देखणा' नाही, म्हणून त्याला कमी लेखणे हा पारखीचा पहिला दोष होय.

८/ आता पारखीचे निकष. पहिला निकष : रंगाखालची झळाळी. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे दिव्याखाली हळूहळू फिरवले, की या रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. नैसर्गिक रंग पातळ असतो आणि त्यातून हा प्रकाश जिवंत दिसतो. न वापरलेल्या नाण्यावर रंग आहे पण प्रकाश निपचित पडला आहे, असे दिसले की सावध व्हावे.

९/ दुसरा निकष : रंगांचा क्रम. सोनेरीतून किरमिजी, किरमिजीतून निळा असे संक्रमण हळुवार हवे. अक्षरांच्या आणि मुखवट्याच्या कडेशी रंग अनेकदा थोडा मागे राहतो, तिथे फिकट किनार दिसते. पिवळ्याला खेटून एकदम गडद निळा, मधल्या छटा गायब, अशी उडी नजरेला खटकलीच पाहिजे.

१०/ तिसरा निकष : कारण. अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्यावर रंग कडेकडून आत वर्तुळाकार येतो. थैलीतील नाण्यावर कापडाची खूण असते. कागदी गुंडाळीच्या टोकाच्या नाण्याची एकच बाजू रंगते. रंगाचा आकार साठवणुकीशी जुळला पाहिजे. हातोहात फिरून गुळगुळीत झालेल्या रुपयावर दोन्ही बाजूंनी सारखे भडक इंद्रधनुष्य दिसले, तर संशयाला पुरेशी जागा आहे.

११/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला उत्खननातील थरांचा नियम उपयोगी पडतो. ओरखड्याने रंग कापला असून आत पांढरी चांदी दिसत असेल, तर रंग आधीचा. ओरखड्याच्या आतही तोच रंग पसरला असेल, तर रंग नंतरचा. रंगाखाली घासल्याच्या समांतर बारीक रेषा दिसल्या, तर ते नाणे आधी साफ केले गेले आणि मागाहून रंगले किंवा रंगवले गेले.

१२/ चौथा निकष, आणि तो मुद्दाम शेवटी : रुची. मुद्रेवर काळा डाग पडला आहे की रंगाने मुद्रेला उठाव दिला आहे, यावर दोन जाणकारांचे मत वेगळे असू शकते, आणि असावेही. पण बाजाराने क्रम उलटा केला. आधी मोहून जायचे, मग कारण शोधायचे. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या प्रमाणीकरण संस्था सुरू झाल्या. एक ते सत्तर या श्रेणीत ठसा, झळाळी आणि पृष्ठभागाबरोबर देखणेपणही मोजले जाते आणि एनजीसी असाधारण देखण्या नाण्याला तारांकन देते. रंगाला अशी किंमत येताच उष्णता आणि गंधकाची रसायने वापरून तो झटपट चढवणारेही निर्माण झाले. संशयास्पद रंगाच्या नाण्याला या संस्था नेहमीची श्रेणी देत नाहीत. तरी अखेरची जबाबदारी पाहणाऱ्या डोळ्याचीच.

१३/ एक आक्षेप रास्त आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत टोनिंग म्हणजे गंजच. पापुद्रा नाण्याच्याच चांदीतून घडतो आणि काळा जाड थर बारीक नक्षी खातो. म्हणून प्रत्येक काळवंडलेल्या नाण्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण साफ करणे हा त्यावरचा उतारा नव्हे. आम्लयुक्त द्रावणात बुडवले की सल्फाइडबरोबर त्यात अडकलेली चांदीही जाते. वारंवार बुडवल्यास झळाळीच्या रेषा सपाट होतात. राख आणि रांगोळी तर पृष्ठभाग सरळ ओरबाडतात. रंग पुन्हा येऊ शकतो, टांकसाळीत उमटलेला पृष्ठभाग येत नाही.

१४/ देवघरातील रुपया वर्षानुवर्षे चिंचेने उजळला गेला असेल, तर तेही त्याचे आयुष्य आहे. ती श्रद्धेची झीज आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. खोटेपणा सुरू होतो तो तेच नाणे 'टांकसाळीतून आल्यासारखे' म्हणून विकले जाते तेव्हा. झिजलेला, करडा, प्रामाणिक रुपया भट्टीत रंगवलेल्या इंद्रधनुष्याहून केव्हाही श्रेष्ठ. तो सुंदर नसेलही, पण खोटे बोलत नाही.

१५/ म्हणून घरात जुनी नाणी सापडली, तर ती पुसण्याआधी ज्यात सापडली ती डबी, कापड, पुडीचा कागद यांची छायाचित्रे घ्यावीत, कोणाकडून आणि केव्हा आली ते लिहून ठेवावे. नाणी कडेला धरावीत, कोरड्या जागी ठेवावीत, रबरबँड आणि पीव्हीसीच्या पाकिटांपासून दूर ठेवावीत. रंगाचे कारण त्या डबीत आणि त्या कागदात असते. बहुतेक घरांत नेमके तेच आधी कचऱ्यात जाते.