खरें बोलणें व क्षमा करणें

"मास्तर, हें पुस्तक मुलींच्या हातीं देण्याजोगें आहे काय?" असा प्रश्न एका पालकांनीं मला विचारिला. त्यांची मुलगी शाळेच्या वाचनालयांतून 'जेन आयर' ही इंग्रजी कादंबरी घरीं घेऊन गेली होती. तींत दहा वर्षांची पोर आपल्या मामीस तोंडावर दोष देते, हें त्यांस रुचलें नव्हतें. प्रश्न कळकळीचा होता. म्हणून त्याचें उत्तर सर्वांसाठीं येथें देतों.

शार्लट ब्राँटी ह्या लेखिकेनें ही कादंबरी १८४७ सालीं 'करर बेल' ह्या टोपणनांवानें प्रसिद्ध केली. आईबापांवेगळी जेन मामाच्या घरीं वाढते. तिचा सांभाळ करण्याचें वचन पत्नीकडून घेऊन मामानें डोळे मिटलेले असतात. मामी अन्नवस्त्र देते, पण माया देत नाहीं. मामेभाऊ पुस्तक फेकून जेनचें डोकें फोडतो. ती प्रतिकार करिते, आणि शिक्षा मात्र तिलाच होते. ज्या तांबड्या खोलींत मामानें प्राण सोडला, तींत तिला कोंडण्यांत येतें, व भीतीनें ती बेशुद्ध पडते.

पुढें मामी तिला एका धर्मादाय शाळेंत धाडण्याचें ठरविते, आणि 'ही मुलगी खोटारडी आहे' असें तेथील चालकास आधींच सांगून ठेविते. तेव्हां जेन मामीस जें बोलते, तेंच त्या पालकांस खटकलें. परंतु खोटा आरोप निमूटपणें डोक्यावर घेणें ह्यास नम्रता म्हणावें काय? लेखिका मात्र तेथें थांबत नाहीं. जेनला क्षणभर विजयाचा आनंद होतो, व थोड्याच वेळानें मन कडू होऊन जातें. सत्य बाहेर पडलें, पण अंतःकरण निवळलें नाहीं.

तें निवळूं लागतें शाळेंत. मनांत अढी धरून जगूं नये, हें हेलन बर्न्स ही मैत्रीण तिला आपल्या वागणुकीनें दाखविते. चालक सर्व मुलींदेखत जेनला स्टुलावर उभी करून खोटारडी ठरवितो. पण मुख्य शिक्षिका मिस टेंपल तिला आपल्या खोलींत नेऊन तिची हकीकत विचारितात. ह्या वेळीं जेन राग आवरून, मोजक्या शब्दांत सांगते. बाई केवळ ऐकून घेत नाहींत. मामीच्या घरीं तिच्यावर औषधोपचार करणाऱ्या गृहस्थांस पत्र लिहून खातरी करून घेतात, आणि भर शाळेंत तिला निर्दोष ठरवितात. लेखिका स्वतः १८२४ सालीं अशाच एका शाळेंत होती, आणि तेथें आजारी पडलेल्या तिच्या दोघी थोरल्या बहिणी १८२५ सालीं वारल्या. मुलांचें दुःख तिनें ऐकीव माहितीवरून लिहिलेलें नाहीं.

हा भाग वाचतांना माझी मान खालीं जाते. पूर्वीं एकदां दुसऱ्याच्या सांगण्यावरून मीं एका विद्यार्थ्यास चोर समजून बाकावर उभें केलें होतें. तो निरपराध ठरला, तेव्हां मीं एकांतांत त्याची पाठ थोपटली. वर्गासमोर मात्र कांहींच बोललों नाहीं. मिस टेंपल ह्यांनीं जें केलें, तें करण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

सुमारें नऊ वर्षांनीं मरणोन्मुख मामी जेनला बोलाविते. जेनच्या काकांचें पत्र आपण तीन वर्षें दडविलें, व ती मेल्याचें त्यांस कळविलें, अशी ती कबुली देते. लहानपणच्या संतप्त भाषेबद्दल जेन क्षमा मागते. बोललेलें सत्य मात्र मागें घेत नाहीं. ती मामीस मनापासून क्षमा करिते. मामी तोंड फिरविते, व तशीच मरते. तरीहि जेन मोकळी होते. समोरच्यास पश्चात्ताप होईपर्यंत आपलें जीवन थांबवून ठेवण्याचें कारण नाहीं, हें येथें कळतें.

अशी मुलगी उर्मट होते काय? काकांकडून आलेले वीस हजार पौंड ती आपल्या तिन्ही आतेभावंडांसह चार सारख्या भागांत वांटून घेते. त्यांतील भाऊ मिशनरी होऊन हिंदुस्थानांत यावयास निघतो व तिला लग्नाची मागणी घालितो. सहकारी म्हणून येण्यास ती तयार होते. प्रेमावांचून पत्नी होण्यास नकार देते. तिला देतां येतें आणि नाहीं म्हणतांहि येतें, कारण तिला आतां आपली ओळख पटलेली आहे.

पालकहो, पुस्तक छापल्यास पावणेदोनशें वर्षें होऊन गेलीं. तें अवश्य मुलींना द्या, मुलांनाहि द्या, आणि आपणहि वाचा. मूल कांहीं सांगूं लागलें, तर 'उलट बोलूं नकोस' म्हणण्यापूर्वीं त्याचें म्हणणें पुरें होऊं द्या. विद्यार्थीमित्रहो, घरीं कांहीं सलत असेल, तर तें शांतपणें, पण खरें खरें, विश्वासाच्या वडील माणसास सांगा. तें ऐकण्यासाठीं माझ्या खोलीचें दार उघडें आहे.