धुराची निंदा पुरे!

धुरकट! मराठी स्वयंपाकघरात हा एक शब्द उच्चारला की पदार्थाचा निकाल लागला. दुधाला धुराचा वास आला, की मग त्या दुधाचे कोणी ऐकून घेत नाही. आमचे काही चोखंदळ मित्र हाच न्याय जर्मनीतल्या बांबर्ग शहराच्या बियरला लावतात. एक घोट घ्यायचा, नाक मुरडायचे आणि ‘हे तर डुकराच्या मांसाचे पाणी!’ म्हणून पेला दूर सारायचा. या निकालाविरुद्ध माझे अपील आहे.

घरातल्या मंडळींनी दचकू नये. ज्यांनी कधी पेला उचलला नाही त्यांनी तो माझ्या सांगण्यावरून उचलावा असे मी म्हणत नाही. एका मास्तराने दिवाळी अंकात तसे म्हणूही नये. वाद पिण्याचा नाही, चवीला मिळणाऱ्या न्यायाचा आहे.

हा धूर मुळात येतो कोठून? बियर होते जवाची. नाचणीचे सत्त्व करताना आपल्या घरी जे करतात, त्याचाच आरंभ येथेही: दाणे भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड फार वाढण्याआधी वाळवायचे. पण जेथे उन्हाचा भरवसा नाही, तेथे वाळवायचे कशावर? लाकडाच्या जाळावर. जाळ आला की धूर आला, आणि धूर आला की तो दाण्यात शिरला. सतराव्या शतकात इंग्लंडात भट्टीत कोक जाळू लागले. पुढे धुराचा स्पर्शही न होऊ देता नुसती तापलेली हवा देणाऱ्या भट्ट्या निघाल्या आणि बियर निर्धूर झाली. म्हणजे आमचे मित्र ज्याला जर्मन विक्षिप्तपणा म्हणतात, तो एके काळी अनेक गावांचा रोजचा रिवाज होता. नवी आहे ती स्वच्छ बियर!

बांबर्गमधल्या दोन घरांनी हा रिवाज सोडला नाही. एक श्लेंकेर्ला, ज्याची नोंद १४०५ सालापासून सापडते. दुसरे श्पेत्सियाल, १५३६ सालचे. दोघेही बीच वृक्षाच्या लाकडावर आपले जव आपणच वाळवतात. तयार जव विकत आणणे सोपे. तरी हा व्याप ते करतात. ‘स्लो फूड’ चळवळीने जतन करण्याजोग्या अन्नप्रकारांच्या आपल्या यादीत २०१७ साली या बियरची नोंद केली. जे जपण्यासाठी याद्या कराव्या लागतात, ते एका घोटात बाद करणारे आम्ही कोण?

‘मांसाचे पाणी’ हा शेरा तर निव्वळ उफराटा. लाकूड जळताना ग्वायकॉलसारखी द्रव्ये धुरात उतरतात. तोच धूर मांसाला देतात, तोच जवाला. वास लाकडाचा; तो बिचाऱ्या डुकराच्या खाती का मांडायचा? निखाऱ्यावर वांगे भाजून केलेले भरीत आम्ही बोटे चाटून खातो. हुरडा आगटीतला नसेल तर पाहुणे रुसतात. म्हणजे धूर आम्हांला वर्ज्य नाही; परक्याच्या घरचा धूर तेवढा डोळ्यांत जातो!

या बियरच्या बाबतीत पहिला घोट हा खोटा साक्षीदार आहे. त्यात धुराखेरीज काही लागतच नाही. पण नाक फार लवकर सरावते, आणि तिसऱ्या-चौथ्या घोटाला धूर मागे सरतो. मग जवाचा गोडवा येतो, भाकरीच्या खरपूस पापुद्र्याची आठवण येते, शेवटी हॉपच्या फुलांचा कोरडा कडवटपणा. श्लेंकेर्लाची मेर्त्सेन गडद तपकिरी, तिचा धूर ठसठशीत. श्पेत्सियालची फिकट, आणि तिच्यात धूर दबक्या पावलांनी येतो. माझे मत विचाराल तर नवख्याने दुसरीपासून सुरुवात करावी. आणि कृपा करून ती बर्फासारखी गार करू नये! गारठ्यात धूर तेवढा उरतो, बाकी सगळे मुके होते.

नाके मुरडणाऱ्यांहून मला दुसऱ्या एका जातीचा अधिक राग येतो. ती धुराचीच पूजा करते. जितका धूर जास्त तितकी बियर थोर, असा यांचा हिशेब. जणू तिखट खाण्याची पैज लागली आहे. त्यांनी श्लेंकेर्लाची नाताळातली बियर चाखून पाहावी. तिचे जव ओकच्या लाकडावर वाळवतात. मद्यार्क ८ टक्के, मेर्त्सेनपेक्षा कितीतरी अधिक; पण धूर मात्र मऊ. जोर वाढवून धूर सौम्य ठेवणाऱ्या त्या कारागिराला या मंडळींच्या पैजेशी काही देणेघेणे नाही.

बांबर्गचे लोक या पेल्याशी पैज मारत नाहीत, त्यासोबत जेवतात. खिमा भरलेला मोठा कांदा, वर याच बियरचा रस्सा, असा तेथला एक प्रसिद्ध पदार्थ आहे. भरल्या कांद्याचे महत्त्व मराठी माणसाला मी काय सांगावे! आमच्या मित्रांना माझी एवढीच अट: पेला अर्धा होईपर्यंत शेरा मारायचा नाही. तोवर तोंड कांद्यात गुंतवावे.