पैसा गेला, मग मान कोण मोजणार?

हल्ली एआयचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. सगळी कामं यंत्रं करतील, धान्य-कपडे-औषधं जवळजवळ फुकट होतील, मग पैशाची गरजच उरणार नाही. आणि पैसा गेला की हाव, मत्सर, भांडणंही जातील.

यंत्रं किती पुढे जातात ते बघू. पैशाबरोबर हावही जाईल का, यावर मात्र या वेळी थोडं बोलू या. कारण असे बिनपैशाचे आदर्श समाज लोकांनी फार पूर्वीपासून कागदावर उभे केले आहेत.

टॉमस मोरचं ‘युटोपिया’ हे पुस्तक १५१६ सालचं. त्याच्या बेटावर पैसा नाही आणि सोन्याची किंमत मुद्दाम घालवलेली आहे. सोन्याची काय करतात, तर शौचाची भांडी आणि गुलामांच्या बेड्या! एकदा परदेशी दूत सोन्याने मढून येतात, तर लोकांना तेच गुलाम वाटतात आणि साध्या कपड्यांतल्या त्यांच्या नोकरांना लोक वाकून नमस्कार करतात. (आपल्या लग्नसराईत हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.) पण नीट बघा. आदर्श बेटावरही गुलाम आहेतच, आणि खालचा कोण हे दाखवायला सोनंच कामी आलंय.

एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी १८८८ ची. तिचा नायक १८८७ साली बॉस्टनमध्ये झोपतो आणि जागा होतो तो थेट २००० साली. तेव्हा नोटा-नाणी नाहीत. देशाच्या उत्पन्नातला सारखा वाटा दरवर्षी प्रत्येकाच्या नावे जमा होतो आणि पुठ्ठ्याचं एक कार्ड दाखवून वस्तू मिळतात. बेलामीने त्याला चक्क ‘क्रेडिट कार्ड’ म्हटलंय. पण सगळ्यांना सारखंच मिळणार असेल, तर जीव ओतून काम कोण करील? बेलामीलाही हा प्रश्न पडला असणार. त्याने कामगारांच्या श्रेणी पाडल्या आणि श्रेणीप्रमाणे बिल्ले दिले: लोखंडाचा, चांदीचा आणि सोनेरी.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे बिल्ले ओळखीचे आहेत. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ ही वेबसाइट २००८ मध्ये सुरू झाली. तिथे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांना जगभरचे लोक उत्तरं देतात, एक पैसाही न घेता. उत्तर कोणाला आवडलं की दहा गुण मिळतात. शिवाय बिल्ले आहेतच: कांस्य, रौप्य, सुवर्ण! प्रश्न आला रे आला की पहिलं उत्तर टाकण्यासाठी झुंबड उडायची. माझी अर्धी नोकरी अशा अनोळखी माणसांच्या फुकट उत्तरांवर उभी आहे, त्यामुळे मी त्यांना हसणार नाही. माणूस पैशाशिवायही राबतो, आणि उत्तम राबतो. गणपतीत रात्री दोनपर्यंत मंडप बांधणाऱ्या पोरांना कोण पगार देतं? मात्र पत्रिकेवर नाव कोणाचं आधी आणि आरतीचा मान कोणाला, यावरून वर्षभराचा अबोलाही तिथेच होतो.

केन्स या अर्थतज्ज्ञाने १९३० मध्ये लिहिलं होतं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. म्हणजे २०३० मध्ये. पण त्याच लेखात त्याने गरजांचे दोन प्रकार सांगितले. काही गरजा शेजाऱ्याकडे काही असो वा नसो, आपल्याला लागतातच. दुसऱ्या असतात शेजाऱ्यापेक्षा वरचढ वाटण्याच्या. पहिल्या भागू शकतात, दुसऱ्यांना कदाचित अंतच नाही.

असेना का! एखाद्या बिल्ल्याने कोणाचं काय बिघडतं?

बिघडतं. कारण रोख पैसा फार थोडा वापरणारा समाज आपल्या पूर्वजांनी जगून पाहिलेला आहे. जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार वर्षभर गावाचं काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा, म्हणजे बलुतं, घ्यायचे. ऐकायला किती छान! पण कोणी कोणतं काम करायचं आणि कोणाला किती मान, हे जन्मानेच ठरलेलं. महार वतनात तर रात्री-अपरात्री हाक आली तरी जावं लागे, मोबदला तुटपुंजा आणि भाकरी दारोदार मागून आणायची. या वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. त्या काळात गावाबाहेर पडण्याची जी वाट होती, ती गिरणी, रेल्वे आणि फौजेतल्या रोख पगाराची. पगार हातात असला की भाकरीसाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

मग पैशाने सगळं सुटतं का? तेही नाही. ती गोष्ट तर आपल्या बडोद्याचीच. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. मोठं शिक्षण होतं, पगार होता, पण राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी वसतिगृहात राहिले. ते कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून होते. आपण जिथे रविवारी मुलांना घेऊन जातो, तीच बाग.

म्हणून मला पैशापेक्षा मानाच्या हिशोबाची जास्त धास्ती वाटते. दहाची नोट कोणाच्या हातातून आली, हे नोटेवर लिहिलेलं नसतं. मान मात्र माणसाच्या नावावरच चढतो. तो उसना मिळत नाही आणि कमी असेल तर लपवता येत नाही. उद्या पैसा खरंच गेला आणि फक्त गुण-बिल्ले उरले, तर ज्याला कोणीच गुण देत नाही त्याने काय करायचं? आजही घरी जेवण आणून देणाऱ्या मुलाला आपण सहज किती तारे देतो, त्यावर त्याचं पुढचं काम अवलंबून असू शकतं. असे तारे मोजणारा कोड माझ्यासारखेच लोक लिहितात. तुमच्यापैकी काही जण पुढे तेच काम करणार आहेत.

माणसाचा स्वभाव बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. ज्याला बिल्ल्याची हौस आहे त्याने मिरवावा. फक्त भाकरी, घर, औषध आणि शाळा यांचं दार बिल्ला बघून उघडता कामा नये. कोणत्याही आदर्श समाजाची मी एवढी एकच परीक्षा घेईन: तिथे सगळ्यांत नावडता माणूस कसा जगतो?

या रविवारी घरात एक प्रश्न विचारून बघा. उद्यापासून पगार बंद, पण घर, जेवण, औषधपाणी आयुष्यभर चालू, तर कोण काय करील? आजी-आजोबांनाही विचारा. उत्तरं मला कळवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.